उघड डोळे, गेलं भूत

मैत्रिणींनो, आज आमच्याकडे बेसमेंटमध्ये हॅलोविनचा सिनेमा होता.

दरवर्षी मी ह्यांच्या शेजारी बसायचे. भूत येणार असं वाटलं की डोळे गच्च मिटायचे. ते गेलं की हे कानाशी म्हणायचे, "उघड डोळे, गेलं भूत."

यंदा हे नाहीत, म्हणून मी खाली जाणारच नव्हते. पण नात मीरा चेटकिणीची टोपी घालून मला न्यायला आली. "आजी, कम ऑन! आय विल सिट इन आबाज स्पॉट."

एका गोधडीत आम्ही दोघी बसलो. खिडकीत भोपळ्यातला दिवा मिणमिणत होता. पडद्यावर दार करकरलं आणि सवयीनं माझे डोळे मिटले. त्या अंधारात पॉपकॉर्नचा वास तोच, गोधडीची ऊबही तीच. क्षणभर वाटलं, शेजारी हेच आहेत.

तेवढ्यात कानाशी कुजबुज आली, "उघड डोळे, गेलं भूत."

एरवी मराठीत चकार शब्द न काढणारी मीरा! आबांचं हे वाक्य तिनं कधी मनात ठेवलं होतं, कोण जाणे.

तरी मी डोळे मिटूनच राहिले, तिनं आणखी एकदा म्हणावं म्हणून.

तुम्ही लगेच उघडले असते का?