मिलोचं दळण

बहात्तरच्या दुष्काळात मी सारखा चिडलेला असे. पुण्यात इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करून न्हावऱ्याजवळच्या आमच्या गावी परतलो होतो आणि वडिलांची पिठाची गिरणी चालवत होतो. वीज आलीच तर बल्बची नुसती तार लाल होई. त्यात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. तिकडं ती गुरांना घालतात म्हणे. माणूस चंद्रावर जाऊन आला आणि आपल्याला धड मोटार करता येत नाही, पोटापुरतं पिकवता येत नाही, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवी.

एक गोष्ट मात्र मी कुणाला ऐकवत नसे. गिरणीत आधीच्या दळणाचं मूठभर पीठ अडकून राहतं आणि पुढच्याच्या पिठात उतरतं. म्हणून बौद्धवस्तीतले डबे शेवटी दळायचे, अशी आमच्याकडे रीत होती. वस्तीतल्या बायका डबे घेऊन बाहेरच्या पायरीवर बसत. रोज सकाळी मी आधी गुरांचा थोडा भरडा दळून गिरणी 'साफ' करी, मग गावाचं दळण घेई. पुण्याच्या होस्टेलवर याच विषयावर मी तावातावाने बोललो होतो. इथं वडिलांपुढे तोंड उघडत नव्हतं.

उन्हाळ्यात मोटार जळली. शिरूरच्या बाजारात तांब्याची तार मिळेना, म्हणून मोटार एसटीच्या टपावर घालून दौंडला नेली. वाइंडिंगवाल्यालाही मी देशाचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. तो ऐकून घेत तार गुंडाळत राहिला.

मोटार घेऊन परतलो तेव्हा गिरणीपुढे डब्यांची रांग लागली होती. सगळ्यांत मिलोच. वीज दुपारी आली, आणि कधी जाईल याचा नेम नव्हता. पायरीवर वस्तीतली एक बाई सकाळपासून बसून होती, सगळ्यांच्या आधी आलेली. तिनं हळूच विचारलं, "दादा, आज तरी हुईल का? घरात पीठच न्हाई."

रीतीप्रमाणे गेलो असतो तर ती तशीच परत गेली असती. तिचा डबा आधी घेतला तर गावाच्या बायका आपले डबे उचलतील, असं मला वाटत होतं. वडील समोर बाजेवर बसले होते. मी पट्टा चढवला आणि तिचा डबा उचलला. रांगेत पहिली माझी चुलती होती, आणि तिच्या तोंडाला सगळी भावकी भिऊन असे.

"काकू, हा आधी घेतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"घे की," चुलती म्हणाली. "काल दिसभर दुष्काळी कामावर एकाच ढिगावर खडी फोडत व्हतो आमी दोघी. लाइट जायच्या आत माझंबी उरक."

मागून कुणीतरी चुलतीला म्हणालं, "आक्का, पीठ मिसळंल की."

"मिसळंना का. तिचंबी मिलो, माझंबी मिलो. तुझ्या बापाच्या रानात पिकलंय व्हय?"

बायका हसल्या. वडिलांनी बाजेवरच तोंड दुसरीकडं वळवलं. मी डबा गिरणीत ओतला. पिठाच्या धुरळ्यात माझे भरलेले डोळे कुणाला दिसले नाहीत हे बरं झालं.

तेव्हापासून डबे येतील तसे लागू लागले. पण गिरणी 'साफ' करायच्या भरड्याचा डबा मी कोपऱ्यात तसाच ठेवला होता. हे सगळं मिलोपुरतंच असेल, घरची बाजरी आली की पायरी पुन्हा भरेल, अशी मला धास्ती होती. तसं झालं तर मी पुन्हा गप्प बसेन, हेही ठाऊक होतं.

पुढच्या साली पाऊस झाला. सुगी उरकल्यावर एका सकाळी मी गिरणी उघडली, तर ती बाई बाजरी घेऊन आलेली. मागून चुलती आली. मी पट्टा पुसत राहिलो, वर बघायचा धीर होईना. चुलतीनं आपला डबा तिच्या डब्यामागे टेकवला, तिच्याकडं तंबाखू मागितली आणि दोघी लिंबाखाली जाऊन बसल्या.

दोन घरं मात्र न्हावऱ्याच्या गिरणीवर जाऊ लागली, ती परत आली नाहीत. वडील त्यावरून बरेच दिवस कुरकुरले. मोटार पुढेही जळत राहिली आणि मी देशावर चिडत राहिलो.

पण त्या सकाळी दोघींची दळणं झाल्यावर मी कोपऱ्यातला भरड्याचा डबा उचलला, गोठ्यात नेला आणि म्हशीपुढे रिकामा केला.