सिराजुद्दीनची सुपारी-सोलणी आणि पहिला दावा

दिवेआगरच्या सिराजुद्दीनने उभ्या जन्मात दुसऱ्याच्या वाडीत पडलेला नारळसुद्धा उचलला नव्हता. पंधरा वर्षं कुवेतच्या वर्कशॉपात काढून गावी वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि पायाने चालणारं, सुपारी सोलायचं यंत्र घडवलं.

अशा माणसाच्या मोबाइलवर शहरातल्या एका यंत्रविक्याने बावीस पानांचं इंग्रजी पेटंट पाठवलं. म्हणे, तुमचं यंत्र आमचं आहे, बनवणं थांबवा.

भ्यालेल्या माणसाला पहिलं पानच पुरतं. नाव 'सुपारी सोलण्याचे यंत्र', सारांशात सुपारी दाबून साल काढणं, खाली आकृती. सिराजुद्दीनने शटर ओढलं, तयार यंत्रं गोणपाटाखाली झाकली. लोक चोर म्हणतील या धास्तीने दोन दिवस नमाजालाही मागच्या रांगेत उभा राहिला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

बायको जैबुन्निसा मात्र बांधावरून शेजाऱ्याशी सात वर्षं कोर्टात भांडलेली.

"खरेदीखतात वर कायबी लिव्हलेलं असू दे," ती म्हणाली, "जागा किती ते चतुःसीमेवर ठरतं. ह्या कागदाची चतुःसीमा कुठं हाय, ते बघा आधी."

म्हसळ्याला कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने, यशराने, इंग्रजी कागद शेवटपर्यंत चाळला. सारांश ओळखीपुरता, वर्णन आणि आकृत्या यंत्र समजण्यापुरत्या. हक्क कुठवर, ते 'दावे' या भागात होतं. दावे सहा, त्यातले पाच पहिल्याच्याच आधाराने उभे; पहिला लागू नसेल तर बाकीचेही नाहीत.

"चाचा, पहिला दावा ऐका. विजेची मोटर, उलटे फिरणारे दोन रबरी रूळ आणि साल उडवणारा पंखा. हे सगळं असेल, तरच त्यांचं."

"माझ्यात मोटर न्हाय."

"रूळ?"

"न्हाय. एक पातं नि एक स्प्रिंग."

"पंखा?"

"साल हातानं झटकतो."

"मग तुम्ही त्यांच्या हद्दीत न्हायच."

तरी खात्रीला तिने कागद आणि यंत्राचे फोटो पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंना पाठवले. संध्याकाळी त्यांचंही तेच उत्तर आलं. सिराजुद्दीनने खुर्ची यशराजवळ ओढली.

"तो दावा परत वाच," तो म्हणाला.

यशराने वाचला.

"आणखी एकदा."

"आता पाठ करणार काय?" जैबुन्निसा हसली.

"व्हय," सिराजुद्दीन म्हणाला. "मी चोर न्हाय, असं आजवर कुणी लिहून दिलं होतं मला?"