वरच्या मजल्याचा अंदाज

नकाशा काढण्याआधी घराचा खर्च सांगणे हे माझे काम. पूर्वी बांधलेल्या घरांची माहिती मी जमवून ठेवली आहे: क्षेत्रफळ, मजले, न्हाणीघरे, पायाखाली काळी माती की मुरूम. त्यावरून संगणक नव्या घराचा अंदाज देतो. एक आकडा नाही, दोन; खर्च बहुधा त्यांच्यामध्ये कुठेतरी बसतो. गिऱ्हाइकांना हे प्रामाणिक वाटत नाही. छातीवर हात ठेवून एकच आकडा ठोकणारा कंत्राटदार त्यांना प्रामाणिक वाटतो, निदान जोत्यापर्यंत.

मागे कसबा बावड्याचे एक गृहस्थ आले. साखर कारखान्यातून निवृत्त, पत्नी वारलेली, मुलगा बंगळूरला. फंडाच्या पैशांत घर बांधायचे होते. खाली आपण, वर मुलगा. मी अंदाज पुढे ठेवला.

"पावणं, ह्यो आकडा न्हवं, परवास झाला की. कोल्हापूर ते चंदगड! मधी कुठं उतरायचं ते सांगा."

"तेच सांगता येत नाही. खालचा आकडा लागला तर फंडात भागेल. वरचा लागला तर तुम्ही म्हणता तो शेजारचा जमिनीचा तुकडा विकावा लागेल."

त्या तुकड्यात त्यांची भाजी होती. पत्नी गेल्यापासून दिवस तिथेच जायचा.

"पोराला इचारूया." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"आबा, तुम्हाला बरं वाटेल तसं करा. मीटिंग आहे, नंतर बोलतो."

फोन बंद झाला तरी ते त्याच्याकडे बघत राहिले. घरात माणसे किती राहणार, हे माझ्या तक्त्यात विचारलेलेच नाही. खर्चाशी त्याचा फारसा संबंध आढळत नाही. आमच्याकडे खोल्या मुलांच्या संख्येवर ठरतात, मग ती मुले कुठल्याही देशात असोत.

"येईल का त्यो? तुमच्या मशिनला कळतंय?"

"नाही."

"मग तुकडा न्हाय इकायचा. खालचंच बांधूया. सळया तेवढ्या वर सोडा."

पुढेमागे मजला चढवता यावा म्हणून खांबांच्या सळया गच्चीवर उघड्या सोडायच्या, ही इथली रीत. मजला चढो न चढो, पाया मात्र दोन मजल्यांचा घालावा लागतो. तसा नवा अंदाज काढला. वरचा आकडाही फंडात बसला.

कागद खिशात घालत त्यांनी विचारले, "तुमच्या घराला हायत सळया?"

"आहेत. दोरी बांधून कपडे वाळत घालतो."

"किती माणसांचं कपडं?"

"एकट्याचे."

"मग येक दोरी बास की," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.