न पाहिलेला पट्टा

बाबांनी नौदलाच्या हवाई टेहळणी स्क्वाड्रनमध्ये उमेदीची वर्षे काढली. निवृत्तीनंतर ते कळमनुरीजवळच्या आमच्या गावी परतले. समुद्र इथून इतका दूर की त्यांच्या नोकरीचा गावाला विनोदच वाटे. काचबिंदूने नजर आखडत गेली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "विमानातून समुद्र राखत व्हते म्हणं, अन् आता सोयाबीनमधला रोही दिसंना!" नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. बाबाही हसले. "रोही हलतो तरी. समुद्रात सगळंच हलतं."

मागच्या वर्षी स्क्वाड्रनचा इतिहास छापायचे ठरले. जुन्या माणसांकडून आठवणी मागवल्या गेल्या. बाबांना लिहिणे अशक्य होते, म्हणून ते सांगत गेले आणि मी टंकत गेले. माझे भौतिकशास्त्राचे शिक्षण नुकतेच संपले होते, संशोधनाच्या जागांसाठी अर्ज सुरू होते. मजकूर नेमका आणि निर्दोष असावा, एवढाच माझा आग्रह होता.

बाबांना मात्र त्यात एकच गोष्ट हवी होती.

त्या विमानात दोन खिडक्यांशी दोघे टेहळे बसत आणि दर अर्ध्या तासाने जागा बदलत. एका बाजूला पाण्यावरचे ऊन थेट डोळ्यांत येई. तिथे अधिक वेळ बसले की डोळे उघडे राहतात, पण दिसणे थांबते. एकदा मासेमारीची एक होडी हरवली होती. नेमून दिलेल्या समुद्राच्या पट्ट्यात शोध सुरू असताना जागा बदलायची वेळ झाली, पण सावलीकडच्या जोडीदाराला उलट्या होत होत्या. बाबा त्याला म्हणाले, "बस तू, मी बघतो." ते उन्हाकडेच राहिले. पुढचा अर्धा तास त्यांना पांढऱ्या लखलखाटाशिवाय काही दिसले नाही. उतरल्यावर त्यांनी नोंद दिली : पट्टा पाहिला, काही आढळले नाही. विमाने दुसरीकडे वळली. दोन दिवसांनी त्याच पट्ट्यात फळ्या आणि एक निळा कॅन तरंगताना सापडला. माणसे सापडली नाहीत. बाबांना कोणी काही विचारले नाही.

मी कागदावर आकडेमोड केली. ती उंची, तशा लाटा, एवढीशी होडी : ताज्या डोळ्यांनाही ती दिसण्याची शक्यता कमीच होती. "तुमच्यामुळे ती माणसं गेली, हे सिद्ध होत नाही, बाबा."

"गणित बराबर हाय, माय. पण मी पाहिलं न्हाई, अन् पाहिलं म्हणून सांगितलं. येवढं लिही."

मी लिहिले. पाठवण्यापूर्वी तो परिच्छेद काढून टाकला. पुरावा नसलेले विधान, शिवाय वडिलांची बदनामी. दोन्ही कारणे मला त्या वेळी पुरेशी वाटली. त्यांना सांगितले नाही.

पुस्तक पोस्टाने आले तोवर त्यांना फक्त दाराच्या चौकटीचा उजेड कळत होता. त्यांनी अंगात इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाजेवर ताठ बसले. "वाच."

मी वाचले. धावपट्टी, पहिले उड्डाण, जेवणाचे डबे, जागा बदलण्याची पद्धत. मग थांबले.

"पुढं?"

"पुढे दुसऱ्या कोणाची आठवण आहे."

खोटे वाचून दाखवणे सोपे होते. तेवढे मी केले नाही.

"काहून काढलंस?"

"पुरावा नव्हता, बाबा."

"मंजे तो पट्टा अजून 'पाहिला' म्हणूनच लिहून हाय," ते म्हणाले. रागावले नाहीत. हात पुढे करून त्यांनी पुस्तक घेतले, मिटले आणि उशाशी न ठेवता माझ्याकडे परत दिले.

दुसऱ्याच दिवशी मी संपादकांना पत्र लिहिले. पुन्हा छपाई होणार नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. ते मी बाबांना वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली आणि पंखा बंद करायला सांगितला.

म्हणून इथे नोंदवते : तो पट्टा पाहिला गेला नव्हता. हे छापून आले तर मी वाचून दाखवीन म्हणते. अलीकडे ते काही वाच म्हणत नाहीत.