मी न चाखलेली चटनी

अमरावतीच्या बंगल्यावर मी मिरच्या घेऊन जाऊ लागली ते कापसाच्या दिवसांत. तवा कापसाले असा भाव आला होता, का लोकाईनं गाद्या उसवून जुनी रुई विकली. आमचं वलगावचं माळ्याचं घर, वांगे-मिरच्या पिकवाव आन विकाव. माहे भासरे, मंजे नवऱ्याचे मोठे भाऊ, त्या बंगल्यावर बगीच्याले पानी देत. त्याईच्या वशिल्यानं माही टोपली मागच्या दारातून आत गेली. बंगला कापूस घेनाऱ्या गोऱ्या साहेबाचा होता. पन साहेबाचं तोंडबी मले आता आठवत नाई. आठवतो तो त्याचा आचारी.

उंच, काळाभोर मानूस, चाळिशीतला. बाजारात त्याले हबशी मनत, आन तो असा भडके! "हबशी नहीं. अमेरिका!" मी त्याले दादा मनो, तो मले बाई मने. मोडक्या हिंदुस्तानीत बोले, अडलं का हातवारे करे. आमच्या कापसाले भाव आला तो त्याच्या मुलखातल्या लढाईनं, हे मले त्यानंच सांगतलं. तिथं कापूस त्याचेच लोक वेचत, मालकाचे गुलाम होऊन. तो दहा वर्साचा होता तवा मालकानं त्याले एकाले विकलं आन त्याच्या मायले दुसऱ्याले.

"मानूस विकलं मंजे कसं, दादा?" मी विचारलं.

त्यानं माही टोपली उचलली, या हातातून त्या हातात केली आन खाली ठेवली. बाप्पा! त्या दिवशी मी मिरच्या मापायच्याच विसरली.

मोठा झाल्यावर तो पळाला, जहाजावर सयपाकी झाला, मुंबईले उतरला आन या साहेबासंगं इकडं आला. मायची एकच गोष्ट त्याच्याजवळ राहिली होती, ते मंजे तिची चटनी. सिरका, मंजे आंबवलेला उसाचा रस, मंद जाळावर ठेवे. त्यात माह्या लाल मिरच्या कुटून टाके, काळे मिरे, मोहरीची पूड, मीठ, लोन्याचा गोळा आन पळीभर काकवी. सारं कढीसारखं पातळ.

"दादा, ही कायची चटनी? भाकरीवर घेतली तं वाहून जाईन."

तो हसे. मने, ही आधी मांसाले पाजायची. त्याच्या मुलखात जमिनीत लांब खड्डा खनत, निखारे पाडत, वर अख्खं डुक्कर भाजत आन काठीले चिंधी बांधून दिवसभर ही चटनी त्याच्यावर फिरवत. डुकराचं नाव आलं का मी कानावर हात ठेवो. इथं तो बकऱ्यावर भागवे. माप मनशीन तं कायचंच नाई. थेंब तळहातावर घे, चाटे, डोळे मिटे. दोन-तीनदा असं करून मंग गाडगं उतरवे.

मले दरवेळी मने, "बाई, चखो." मी दरवेळी हसून मांगं सरो. आमच्या घरी देवाले दाखवल्याबिगर कोनी सयपाक चाखत नाई. मीठ बरोबर पडलं का नाई ते वासानं आन हाताच्या सवयीनं कळलं पाह्यजे, असं माह्या सासूनं शिकवलं. आन हे तं साहेबाचं सयपाकघर. तिथं काय काय शिजे ते मी सांगतबी नाई. तिथली बोटभर चटनी खाल्ली असं जातीत कळलं असतं तं पानी बंद. माह्या पोरीची सोयरीक तवा अकोल्याले ठरली होती.

मंग लढाई मिटली. गुलाम सुटले अशी खबर साहेबाच्या कागदात आली. इकडं कापसाचा भाव धपकन पडला आन साहेब बंगला सोडून जायच्या गोष्टी करू लागला. दादाचं मात्र चित्तच ठिकानावर नाई. त्याले मायले पाहायले जायचं होतं. मी मनलं, दादा, तीस वर्सं झाले, माय तुले वळखन तरी का? तो मने, तोंड नाई वळखनार. पन ही चटनी तिच्यासमोर ठेवीन, ते चाखन आन वळखन. असं बोलताना त्याचा आवाज लेकरासारखा होऊन गेला. मले रडू आलं, खोटं कायले सांगू.

त्यातच मुंबईचा एक जहाजवाला साहेब येनार असं ठरलं. त्याचं जहाज त्याच मुलखाले जानार होतं आन त्याले सयपाकी पाह्यजे होता. आपल्या साहेबानं त्याले लिहिलं होतं, आमच्या आचाऱ्याची चटनी खाऊन पाहा, आवडली तं घेऊन जा. दादाचा जीव त्या एका जेवनावर टांगला होता.

आन जेवनाच्या दोन दिवस आधी त्याले हिवताप भरला. मी सकाळी गेली तं मानूस दोन घोंगड्यांत कुडकुडून राहिला. चटनी त्यानं कशीबशी शिजवली होती. मने, "बाई, जीभ मर गया." मिरची खाल्ली तरी त्याले कळत नव्हतं. त्यानं मले चटनी हालवायले लावली आन तिथंच भिंतीले टेकून झोपला.

आता माही अक्कल ऐका. मी पाह्यलं, सिरक्यात मिरच्या हायेत, बरनीत भरायची हाय, दोन दिवस राहनार हाय. आमच्याकडं बरनीत जे जाते त्याले लोनच्याचं मीठ लागते, नाई तं बुरा येते. याचं मीठ मले कमी दिसलं. बिचारा तापात विसरला असन, मनलं मी. दोन मुठी मीठ टाकलं. विचारलं नाई, का उठवलं नाई. लय शहानी!

तो जागा झाला. मले मने, "बाई, आज चखो. मेरे लिए." हात जोडले त्यानं. एवढा मोठा मानूस, आन हात जोडले. मी काय करो? थेंब तळहातावर घेतला, पाठ वळवली आन पदराले पुसला.

"बराबर हाय, दादा."

त्यानं डोळे मिटले आन कोनाचे तरी आभार मानले, त्याच्या देवाचे असतीन.

जेवनाच्या दिवशी बंगल्यामांगं खड्डा खनला होता. ताप उतरला होता, जीभ नव्हती आली. पहाटेपासून तो बकऱ्यावर चटनीची चिंधी फिरवत होता. वास असा सुटला का भासरेबी पानी द्यायचं सोडून दोनदा तिकडं पाहून गेले. दुपारी साहेब लोक जेवायले बसले. मी टोपली घेऊन मागच्या दारात थांबली होती, आपल्या दादाचं नशीब पाहायले.

जहाजवाल्यानं पहिला घास घेतला आन थुंकला. दुसऱ्यानंबी. कोनी पान्यासाठी ओरडलं. आपला साहेब लाल झाला. दादा पुढं आला आन छाती काढून बोलला. बोलला ते मले समजलं नाई, पन त्यानं माह्याकडं बोट केलं. मंग साहेबानं मले हिंदुस्तानीत विचारलं. हा मनतो, चटनीत खोट नाई, या बाईनं चाखून सांगतलं. "तुमने चखा?"

भासरे तिथंच, खड्डा विझवायले घागर घेऊन उभे. भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाई, पदर हनुवटीपर्यंत, हे आमचं वळन. हो मनलं तं सांजेपर्यंत जातीत बोभाटा, पोरीची सोयरीक मोडली. नाई मनलं तं दादा बुडाला. पदराआडून मले फक्त दादाचे पाय दिसत होते. उघडे, राखेनं भरलेले.

मी मान हालवली. नाई.

ते पाय जागचे हालले नाई. जहाजवाला दुसऱ्या दिवशी एकटाच गेला.

आठ दिवसांनी साहेबाचं सामान निंघालं. गाडी भासऱ्यांची, अकोल्यापर्यंत न्यायची होती. मी शेवटच्या मिरच्या द्यायच्या निमतानं गेली. दादा माह्याजवळ आला. मले वाटलं, आता शिव्या देईन. देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. तो सावकाश मनला, जीभ परत आली, आज उरलेली चटनी चाखली. नुसतं मीठ. "बाई, तुम्हारा कसूर नहीं. हाथ मेरा भूल गया. माँ के सामने अब क्या रखेगा?"

अरे बाप्पा, एक वाक्य! मीठ म्या टाकलं दादा, तुहा हात बराबर हाय. एवढंच बोलायचं होतं. भासरे तीन पावलांवर गाडीले दोर आवळत होते. मी खाली बसून टोपलीतल्या मिरच्या काढू लागली. गाडी निंघाली आन तो गाडीमांगं चालू लागला.

पाच-सहा दिवसांनी भासरे घरी आले. जेवताना माह्या नवऱ्याले सांगू लागले. मने, साहेब चांगला निंघाला. त्या आचाऱ्याले मुंबईले चाल मनला, दुसरं जहाज पाहून देतो मनला. पन तो मानूस अकोल्यालेच राहिला. मने, तिकडं आता माही कोनाले वळख पटनार, मी नाई येत. तिथंच रुईच्या गोदामात गठ्ठे बांधायले लागला.

"येडा दिसते," माहा नवरा मनला.

मी पदर ओढून भाकरी वाढून राहिली होती. मीठ म्या टाकलं होतं, हे तवाबी माह्या तोंडून निंघालं नाई.