डिस्क काही रिकामी होईना

आमच्या जबलपूरच्या हवामान संशोधन केंद्रात किस्से साठतात ते डेटासारखेच. मुद्दाम कोणी साठवत नाही, पुसायचं मात्र सगळ्यांच्याच जिवावर येतं. मी तिथला डेटा मॅनेजर. डिस्क भरली की शास्त्रज्ञ मलाच शिव्या देतात, जसा काही मीच तिच्यात ढग कोंबतो.

*

आमचे संचालक बोकडे सर मूळचे नागपूरचे. एकदा त्यांनी सगळ्यांना मेल केला, "जागा संपत आली. नको त्या फायली आजच पुसा."

संध्याकाळी बघतो तर डिस्क आणखी भरलेली. पुसण्याआधी प्रत्येकाने त्याच डिस्कवर एक कॉपी करून ठेवली होती, न जाणो लागली तर असावी म्हणून.

"अन् मूळ फाइल काहून नाही पुसली?" सरांनी विचारलं.

"सर, कॉपी बरोबर झाली का, ते तपासायला लागेल ना."

*

पुण्याहून पावसाचा जुना डेटा आणायचा होता. नेटवरून यायला पुढचा पावसाळा उजाडला असता. म्हणून आमचे सिस्टिमवाले तिवारीजी डिस्क घेऊन ट्रेनने निघाले. शालीत गुंडाळलेली पेटी त्यांनी मांडीवरून खाली ठेवलीच नाही.

समोरच्या बाईंना राहवेना. "भैया, इतना सम्हाल के क्या ले जा रहे हो?"

"माताजी, पूरे देश की बारिश है. पुरानी वाली."

बाईंनी आपली वळकटी पलीकडे सरकवली आणि म्हणाल्या, "ढक्कन ठीक से लगा है न?"

*

रसिका आमची पीएचडीची विद्यार्थिनी. वडील रेल्वेत, घर इथल्याच गोरखपूर भागात. मराठी तिला सगळी कळते, बोलताना अर्ध्यात हिंदी होते.

मझौलीकडच्या एका गावातला पर्जन्यमापक भर मे महिन्यात रोज दुपारी पाऊस दाखवायला लागला. सर खूश. नवीन काही सापडलं म्हणून त्यांनी रसिकाला पाठवलं. ती फोटो घेऊन परतली. पर्जन्यमापक मैदानातून उचलून खिडकीतल्या कूलरखाली ठेवलेला, आणि कूलर गळका.

"अगं, तिथं ठेवला कोणी?"

"सर, मी विचारलं ना. मशीन सांभाळणारे भैया बोले, मैदान में धूप बहुत थी, मशीन तपून राहिली होती."

*

आणि मग तो नियम. नव्या मॉडेलसाठी जागा हवी होती, म्हणून सरांनी ठरवलं की इथून पुढे महिनाभर जी फाइल कोणी उघडली नाही ती यंत्र आपोआप पुसून टाकणार. नेमकी तेव्हाच रसिकाला कावीळ झाली. डॉक्टरांनी लॅपटॉपला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. तिची वर्षानुवर्षांची मेहनत, सगळा प्रबंध, त्या डिस्कवर. दुसरीकडे मावेल असा तो डेटाच नव्हता. पोरगी रडकुंडीला आली.

तिने एक छोटा प्रोग्राम केलेला होता. फोल्डरचं नाव निवडून एंटर दाबलं की त्यातल्या सगळ्या फायली आज उघडल्याची नोंद होई. तिने आईला शिकवलं, "आई, रोज इतना कर दे. नाहीतर माझी थीसिस गेली समज."

महिना झाला. रसिकाच्या फायली शाबूत होत्या, याचा आम्हाला आनंदच झाला. पण बाकीच्यांचीसुद्धा एकही फाइल पुसली गेली नव्हती. तिवारीजींनी शोध घेतला. रसिकाच्या खात्यातून रोज सकाळी आख्ख्या केंद्राची फोल्डर उघडली जात होती.

सरांनी तणतणत रसिकाच्या आईला फोन लावला, तोही आमच्यासमोर, स्पीकरवर. "काकू, फक्त रसिकाचं करायचं होतं. सगळ्यांचं काहून करून राहिल्या?"

"मग काय जी, पूजेवरून उठून फक्त आपल्याच पोरीचं तेवढं वाचवू? तिथं तर सगळ्यांचीच नावं दिसतात. त्यांनीपण मेहनतच केली असेल ना?"

सर पुढे बोलणार, तेवढ्यात तिवारीजींनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. काकू नसत्या तर काय काय पुसलं गेलं असतं, ते त्यावर होतं. सगळ्यात वर सरांचंच फोल्डर. तरुणपणी गावोगाव फिरून जमवलेला सगळा डेटा त्यात होता. कित्येक वर्षांत सरांनी तो उघडलेला नव्हता, आणि नियम करताना सरांच्या तो लक्षातही नव्हता.

सर खुर्चीत बसले. स्पीकर बंद करायचं विसरले.

"काकू," ते हळूच म्हणाले, "उद्यापण करणार ना?"

"हो जी. आंघोळ झाली की पहिले तेच."