बेसभाऊ आणि बोटीतला घुमारा

बेसभाऊ गाणं पोटानं ऐकायचा. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्टँडजवळ त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आठ फूट बाय सहा फूट. टेप दुरुस्त झाला की तो सुरू करून हा स्पीकरच्या खोक्याला पोट लावून, डोळे मिटून उभा राही. गिऱ्हाइकानं "झाला का भाऊ?" विचारलं तर एक बोट वर करून त्याला थांबवी. "तराट, चिरका आवाज कोणाच्याबी कानात शिरते, बाबूसाहेब," तो मला सांगे, "बेस पोटात उतरते." त्याच्या पोटाचा घेर तेव्हा बेचाळीस इंच होता. त्या मानानं तुला फारच बारीक ऐकू यायला हवं, असं मी म्हणायचो, आणि ते तो कौतुक म्हणून घ्यायचा.

बेस म्हणजे गाण्यातला जाड, खोल आवाज. ढोलकीच्या डाव्या अंगाचा घुमारा. हा शब्द त्याच्या तोंडात दिवसातून शंभरदा यायचा, म्हणून त्याचं नाव बेसभाऊ पडलं. अडचण एवढीच की आमच्या भागात 'बेस' म्हणजे 'छान'. जेवण बेस होते, सून बेस मिळते, पाऊसही बेस पडतो. ही अडचण पुढे चांगलीच महागात पडणार होती, पण तेव्हा ती ना त्याच्या लक्षात आली ना माझ्या.

१९८६ साली तलावावर नौकाविहाराची नवी लाकडी बोट आली. वीस माणसं बसायची, दोन वल्हेवाले, वर कापडी छत. ठेकेदारानं गाण्यांचं काम बेसभाऊला दिलं. त्यानं छताच्या दोन खांबांना बारा-बारा इंची स्पीकर बांधले, ट्रकची बॅटरी ठेवली आणि गाणी सुरू केली. आवाज मोठा होता, पण पत्र्यावर खडे टाकावेत तसा. ठेकेदाराला तेवढं पुरे होतं. बेसभाऊला मात्र पुरे नव्हतं, कारण त्याच्या मनात गाणी नव्हतीच. त्याच्या मनात एक कॅसेट होती.

त्याचे वडील लांजीला राहायचे. खडी गंमतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, खेळांत चाळीस वर्षं त्यांनी ढोलकी वाजवली होती. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला आणि डावा हात गेला. त्याआधी लांजीच्या मेळ्यात बेसभाऊनं त्यांची ढोलकी टेपवर उतरवून घेतली होती. तेवढीच एक कॅसेट. दुखण्यातून उठल्यावर म्हाताऱ्यांनी ती दुकानातल्या छोट्या स्पीकरवर ऐकली. उजव्या हाताची टणटण तेवढी आली. म्हातारे म्हणाले, "हा मी नोहो. माहा डावा हात कुठी गेला?" आणि टेपकडे पाठ करून बसले. पुन्हा म्हणून ऐकायला तयार होईनात.

"टेपात हात हाय, बाबूसाहेब," बेसभाऊ मला सांगत होता. "बाहेर येऊन नाही राह्यला. त्याले मोठं खोकं पाहिजे. बोटीत जागा हाय." त्यानं वडिलांना निरोप धाडला, दसऱ्यानंतरच्या रविवारी या, हात ऐकवतो. मी मोजलं, हातात सहा रविवार होते.

मी पाटबंधारे खात्यात नदीच्या पाण्याची उंची नोंदवायचो, त्यामुळे पाहणीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. प्रत्येक फेरीनंतर बेसभाऊ धक्क्यावर उभा राहून उतरणाऱ्यांना विचारी, "बेस होता ना?" आणि मी वहीत उत्तर लिही. त्यानं स्पीकर पुढे सरकवले, मागे सरकवले, उलटे टांगले. तीन रविवारांत मी त्रेसष्ट उत्तरं लिहिली. त्रेसष्टही "हौ, बेस होता" अशीच होती. बेसभाऊ खूश. माझा मात्र अशा आकड्यांवर विश्वास बसत नाही. आमच्या नदीची उंचीसुद्धा सलग तीन दिवस सारखी आली तर साहेब विचारायचे, पाणी पाहिलंत की घरी बसून लिहिलंत?

चौथ्या रविवारी बॅटरीची तार निघाली आणि अख्खी फेरी गाण्याविना झाली. बेसभाऊ तार शोधण्यात गुंतला होता, म्हणून मीच एका जाड्या मावशींना विचारलं, "बेस होता का?"

"बेस होता म्हणजे! आज तर लयच बेस. थे बोंबलणंच नोहतं!"

मी वही त्याच्यापुढे धरली आणि सगळा घोळ सांगितला. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या पानावर तुमचंबी नाव हाय. तुम्हीबी बेस म्हटलं होतं?"

"म्हटलं."

"कोणता बेस?"

मी खरं सांगितलं, की तू घामाघूम झाला होतास, बरं वाटावं म्हणून म्हटलं. "काहून पण?" एवढंच तो म्हणाला. पुढचे दोन दिवस मी दुकानावरून जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, "चाला. आता कोणाले विचारायचं नाही. पाहायचं."

त्यानं टॉर्चचा सेल घेऊन दोन्ही स्पीकरच्या तारांना टेकवला. एकाचा कागद पुढे आला, दुसऱ्याचा मागे गेला. एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. एक हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, आणि घुमारा मधल्यामध्ये मरत होता. इतके रविवार पोटानं ऐकूनही हे त्याला कळलं नव्हतं, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "पोट दोन खांबांच्या मधात होतं ना."

तारा सरळ केल्या. तरी मोकळे टांगलेले स्पीकर पुढून जेवढं देत, तेवढं मागून खात होते. मग त्याची नजर बोटीच्या नाकातल्या कप्प्यावर गेली. तिथे दोर आणि हवेच्या ट्यूबा ठेवत. मी माप घेतलं: चार फूट लांब, अडीच रुंद, दीड खोल. बेसभाऊनं सामान बाहेर काढलं, जुन्या गादीचा कापूस आतून ठोकला, झाकणाला भोकं पाडून दोन्ही स्पीकर बसवले. लालबर्र्याच्या राइस मिलमधून पट्ट्याचं टाकाऊ रबर आणून फटी बुजवल्या, वरून डांबर. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बोटीच्या सगळ्या फळ्या फुरफुरायला लागल्या. त्या एकेक करून आवळण्यात पाचवा रविवार गेला. बेस आला की नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

ठरल्या रविवारी दुपारी चार वाजता म्हातारे आले. डावा हात उपरण्यात बांधलेला, चेहरा वसुलीला आल्यासारखा. बोटीत आम्ही तिघं आणि दोन वल्हेवाले. बोट तलावाच्या मध्यावर गेल्यावर बेसभाऊनं कॅसेट लावली.

बाकाखालची फळी हलली. पायांतून काहीतरी वर आलं आणि कळलं की ही ढोलकी आहे, पुरी ढोलकी, दोन्ही हातांची. बेसभाऊ टेपकडे पाहतच नव्हता. तो वडिलांच्या पायांकडे पाहत होता.

"थांबव," म्हातारे म्हणाले.

बेसभाऊचा चेहरा उतरला. त्यानं टेप थांबवला.

"मागं घे. जरासाक. हां. लाव." तोच तुकडा पुन्हा वाजला. "डावा हात हाय," म्हातारे म्हणाले. आणि लगेच, "पण चुकला हाय. सम सोडून पडला, पाहा! लांजीत सारे वाहवा करत होते. एकानं सांगतलं नाही मले!"

मी तलावाकडे पाहत बसलो.

तो तुकडा त्यांनी सात वेळा वाजवायला लावला. सातव्यांदा उजव्या हातानं बाकावर ठेका धरला आणि म्हणाले, "इथी असा पाहिजे होता. तू डावा दे."

"मले काय येते, बाबा?"

"येत नाही थे मले माहीत हाय. दे."

बेसभाऊनं डावा हात मारला. चुकला. पुन्हा मारला, पुन्हा चुकला. पण आता त्याचं सगळं अंग डोलायला लागलं होतं, आणि अंगाबरोबर बोट. वल्हेवाला ओरडला, "भैया, नाव मत हिलाओ!"

"पोरगा मशिनीत बराबर करते, हातात नाही," म्हातारे म्हणाले, आणि हसले. लकव्यामुळे ते अर्ध्याच तोंडानं हसत, पण ते अर्धं पुरेसं होतं.

ते सोमवारी परत जाणार होते. अकरा दिवस राहिले. रोज सकाळी दुकानाचं अर्धं शटर खाली असे आणि आतून लाकडी फळीवर उजवा हात बरोबर आणि डावा हात चुकीचा ऐकू येई. दुरुस्तीला दिलेला माझा रेडिओ तेवढे दिवस उघडाच पडून होता. मी तक्रार केली नाही.

बाराव्या दिवशी ते लांजीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. बस निघायला तीन मिनिटं होती. त्यांनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढून बसच्या पत्र्यावर ठेका धरला. खाली उभ्या बेसभाऊनं टाचा उंच करून त्याच पत्र्यावर डावा हात लावला. बायाबापड्या पाहायला लागल्या, कंडक्टरनं "क्या हो रहा है?" विचारलं, दोघांपैकी कोणी लक्ष दिलं नाही. घंटी झाली, बस हलली. बेसभाऊ पोट सावरत पत्र्याबरोबर पंधरा-वीस पावलं धावला.

त्यानंतर म्हाताऱ्यांचं बालाघाटला येणं झालं नाही. माझ्याबद्दल विचाराल तर मी तेव्हा बसच्या बाजूला उभा राहून मात्रा मोजत होतो. बस वळेपर्यंत बेसभाऊ एका मात्रेनं मागेच होता.